सुनेचा आवाज

प्रिय क्रांती,

माझं अक्षर बघून आधी घाबरू नकोस. तुझी आई ठणठणीत आहे आणि गुडघे सोडले तर मीही. वैशाखात मी तुला ‘या घराची पायरी परत चढू नकोस’ म्हणालो, आणि तू बापाचीच लेक, खरंच चढली नाहीस. जयराजची राखीसुद्धा टपालाने पाठवलीस. पाकिटात माझ्यासाठी चिठ्ठी असेल म्हणून मी ते दोनदा झटकून पाहिलं, हे तुझ्या आईला ठाऊक नाही. फौजेत असताना मी तुला पत्रं लिहायचो आणि तू शाळकरी पोर माझ्या चुका लाल पेनने सुधारून ती परत पाठवायचीस. हेही तसंच तपासून वाच, पण अर्ध्यात टाकू नकोस.

आपलं बोलणं बंद होण्याआधीही आणि नंतरही घरच्या ग्रुपवर तुझे लांबलचक मेसेज यायचे, ते मी सगळे वाचलेत. कुठल्या देशात मुलींच्या शाळांना कुलूप लागलं, कुठे लढाईत लेकरं ढिगाऱ्याखाली गेली, कुठे बारा-तेरा वर्षांच्या पोरी उजवल्या जातात. खाली अंगठा टाकायचा आणि तुझ्या आईला सुनावायचं, हा माझा रोजचा उद्योग. “हिला समुद्रापल्याडच्या पोरी दिसत्यात, सख्खा भाऊ घोडनवरा होऊन बसलाय त्यो दिसत न्हाई.” असल्या गोष्टी घडतात तिथली माणसं काही निराळी असणार, शिंगं असलेली, अशी माझी समजूत होती. आपलं काय, आपण फलटणजवळची साधी ऊसवाली माणसं.

जयराजचं तुला माहीतच आहे. बारमाही पाणी, ट्रॅक्टर, दोन मजली घर, आणि मुलगी मिळेना. शेती म्हटलं की पोरी नाक मुरडतात म्हणून आम्ही पोरींना नावं ठेवायचो. पण पोरी होत्या कुठे? जयराजच्या बरोबरीची पोरं जन्मली त्या काळात आपल्या आळीतल्या सुना ‘तपासायला’ म्हणून शहरात जाऊन यायच्या आणि आल्यावर चार दिवस अंथरुणाला खिळून असायच्या. कुणी काही विचारायचं नाही. तू झालीस तेव्हा मी रजेवर येऊन गावभर पेढे वाटले तर ज्योतिबाकाका म्हणाला होता, “आवं, पोरगीचं पेढं कशाला?” आता त्याच्याही घरात दोन नातू पस्तिशी ओलांडून बसलेत.

तर नानासोने ते स्थळ आणलं. आटपाडीकडचा, तुझ्या आईच्या माहेरच्या नात्यातला, म्हणून विश्वास. मुलगी बंगालकडची, गरीब पण घरंदाज, वय एकवीस. आम्ही काय काय विचारलं ते ऐक. कूळ कुठलं, देवक काय, घरात कुणाला कोड आहे का, पोर निर्व्यसनी घरातली आहे ना. नानासोने सगळ्याची उत्तरं दिली. बंगाल्याच्या पोरीचं देवक त्याने पंचपल्लव सांगितलं आणि आमच्या भावकीने माना डोलावल्या! हसू नकोस. तू तेव्हा एकच विचारलंस, “आप्पा, तिच्याशी कोण बोललंय का?” आणि मी भडकलो. उलटतपासणी कोर्टात कर, घरात नको, वगैरे तोंडाला येईल ते बोललो. हुंडा न घेता गरिबाची पोर करून आणतोय, पुण्याचं काम, त्यात ही बया खोडा घालते, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

देवळात लग्न लागलं. तिच्या बाजूने नानासो आणि कुठलीशी एक मावशी. ताटातल्या तांदळात जयराजने अंगठीने नाव लिहिलं, राजेश्वरी. तिचं आधीचं नाव काय, हे विचारायचं सगळेच विसरलो.

पुढचे पाच महिने मी सुनेचं कौतुक करत गावभर हिंडलो. आपल्या घरची रीत तुला कधीच पटली नाही, सुनेने सासऱ्यासमोर पदर घ्यायचा, बसायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. शेजारच्या सुना गाऊन घालून सासऱ्याशी वाद घालतात आणि माझी सून चहाचा कप उंबऱ्यापाशी ठेवून मागच्या पावली आत जाते. “आजून सुनंचा आवाज ऐकला न्हाई मी,” असं पारावर छाती फुगवून सांगायचो. क्रांती, सिलिगुडीकडे मी सलग पाच वर्षं काढलीत. बाजारात बंगालीतून घासाघीस करायचो मी. अख्ख्या गावात तिची भाषा कळणारा माणूस एकच होता आणि त्याच्यासमोरच तिला बोलायची बंदी होती. ही रीत माझी. तुझी आई बिचारी तिला तोंडावर बोट ठेवून शिकवायची, आप्पा आले, गप.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा जुना सोबती सुभेदार मंडल याचा फोन आला. त्यांच्याकडे तेव्हा एकमेकांना शुभेच्छा देतात. जयराज रानात लावणीवर होता, तुझी आई दळणाला गेलेली. मी सोप्यात झोपाळ्यावर बसून माझ्या मोडक्या बंगालीत ओरडत होतो, फौजी माणसाला हळू बोलता येत नाही. आत भांडी पडल्याचा आवाज झाला. आणि ती बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता, हाताला पीठ लागलेलं. ती माझ्या पायाशी बसली, दोन्ही हातांनी माझं धोतर धरलं आणि बोलायला लागली. बांध फुटल्यावर पाटाचं पाणी जसं वाट दिसेल तिकडे धावतं तसं तिचं बोलणं. मला निम्मंच कळत होतं. एक मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि ते मला लख्ख कळलं. “बाडी जाबो.” मला घरी जायचंय. मंडल फोनवर हॅलो हॅलो करत राहिला. गोळीबार पाहिलाय मी, पण असा कधी थिजलो नव्हतो.

मग मी तो फोन तिच्याच कानाला लावला. मंडलला ती सांगत गेली आणि तो मला हिंदीतून सांगत गेला. तिचं नाव टुम्पा. चहाच्या मळ्यातली. बाप नाही, आई पानं खुडते. लग्न लागलं तेव्हा ती नववीची परीक्षा देऊन सुट्टीवर होती. पंधरा वर्षांची, क्रांती! शेजारच्या बाईने सांगलीकडच्या कापडाच्या मिलमध्ये शिलाईचं काम आहे म्हणून आणली. तिथल्या माधवनगरचं नाव तिला पाठ होतं, तिथेच चाललोय असं समजून ती आगगाडीत बसली. सिम बदलून देतो म्हणून नानासोने तिचा मोबाइल घेतला तो घेतलाच. देवळात नवी साडी नेसवली तेव्हा तिला वाटलं, कामावर रुजू व्हायच्या आधी इथे पूजा करत असतील.

कुणी तिच्यावर हात उचलला नाही. कुणी उपाशी ठेवलं नाही. तुझी आई माळकरी, आयुष्यात घरात मासा शिजवला नाही, पण बंगाली माणसं मासे खातात असं कुणी सांगितलं म्हणून तिने निरेचे मासे आणवून पोरीला अंगणात निराळी चूल मांडून दिली. मला सगळ्यात जास्त हेच सलतं. शिंगं असलेलं कुणीच नव्हतं या घरात.

संध्याकाळी जयराजला समोर बसवला. तुला ही कधी काही बोलली का, विचारलं. त्याने मान खाली घातली. टीव्हीवरचं थोडं हिंदी तिला येतं, त्यात ती पहिल्या दिवसापासून त्याला घरी जायचं म्हणून सांगत होती. “म्हणत व्हती की. पण आप्पा, सगळ्याच नव्या नवऱ्या म्हणत्यात न्हवं का?” हे तो आडमुठेपणाने नाही बोलला, खरंच विचारत होता. माझा हात उठला होता, पण मारू कुणाला? त्याला हे शिकवलं कुणी? आणि चुलीपुढून तुझी आई म्हणाली, “रुळंल ती बी. मी सोळाची आले, लय रडले. झाले का न्हाई रुळून?” चव्वेचाळीस वर्षं झाली संसाराला. ती रडायची हे मला माहीतच नव्हतं. लग्नानंतर आठवड्याभरात मी पलटणीला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला मोबाइल दिला. आईचा नंबर तिला पाठ होता, फक्त फोन कुणी हातात दिला नव्हता. पलीकडून त्या माउलीने हंबरडा फोडला तो अंगणापर्यंत ऐकू आला. तिने पोरगी मेली असं धरलं होतं. तुझी आई तुळशीला पाणी घालत होती. तिला बंगालीतलं अक्षर कळत नाही, पण ती तांब्या तसाच धरून उभी राहिली. मग आत गेली, ट्रंक उघडली आणि पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागली. मी विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला न्यायाला कोण आलं न्हाई. हिला सोडून येऊ.”

भावकीला वास लागलाच. काल सकाळी पारावर बैठक बसली. ज्योतिबाकाकाचं म्हणणं, पोरीला गुपचूप गाडीत बसवून द्या, बोंबाबोंब कशाला, पोटच्या पोराला जेलात घालता काय? नानासोचा फोन बंद आहे, पण काकाच्या नातवांसाठी त्याच्याशीच बोलणी चालू होती असं तिथे कळलं. म्हणजे अजून दोन पोरी कुठेतरी आगगाडीत बसायच्या आहेत. मी जयराजकडे पाहिलं. तो लहानपणी चोरून ऊस खाताना सापडला की बघायचा तसा माझ्याकडे बघत होता. माझं काळीज तुटतंय, हे तुला सांगतो. बैठकीत मी विचार करून सांगतो म्हणालो आणि उठलो. सुभेदार हंबीरराव विचार करून सांगतो म्हणाला! तेव्हाच कळलं की मी आणखी दोन दिवस गावात राहिलो तर वळेन.

म्हणून आज पहिल्या एसटीने निघालो. हे पत्र मी तुझ्या सांगलीच्या ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. तू कोर्टात आहेस, दुपारनंतर येशील असं तुझा कारकून म्हणाला, कागद त्यानेच दिले. शेजारी टुम्पा बसलीय, तुझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून. तुझ्या तोंडावर हे सगळं बोलायला माझी जीभ रेटणार नाही, आणि जयराज बहिणीला फोन करून माझी केस घे म्हणेल त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. तू त्याची वकील होऊ नकोस, हिची हो. वर लिहिलंय ते सगळं माझा जबाब समज. बोहल्यावर उभं करणाऱ्यांत पहिलं नाव माझं घाल, दुसरं नानासोचं. आणि जयराजचंही घाल, मी सांगतोय म्हणून घाल. उद्या भावकी येईल, तुझी आई रडेल, पोराचा चेहरा आठवून मी म्हातारा कदाचित फिरेन, असं काही म्हणालोच नव्हतो म्हणेन. तेव्हा हा कागद माझ्यासमोर धर आणि मोठ्याने वाचून दाखव. तुला पायरी चढू नकोस म्हणालो होतो, आज तुझ्या पायरीशी येऊन बसलोय. आत घेशील ना?

तुझाच,
आप्पा