फुकट उतरवलेला बंगला

मु. पो. वाटूर, ता. परतूर
मंगळवार

ती. काकासाहेब दादांना झुंबरबाईचा नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा हाय ते मागून विचारते, आधी मला हे सांगा, तुम्ही आमच्या कावेरीसाठी आणलेल्या त्या जाफराबादच्या पोराच्या मागं फोटोत जो बंगला हाय, तो कुणाच्या बापाचा? कारण तोच बंगला आमच्या कावेरीच्याही मागं हाय!

आता नीट बसून वाचा, मधी चहा मागू नका. तुम्हीच म्हणले, स्थळाला दाखवायचा फोटो जरा भारी काढा. म्हणून पोरीला घेऊन फाट्यावरच्या महेमूदकडं गेल्ते. त्यानं आता मागचा रंगीत पडदा काढून टाकलाय अन् कॉम्प्युटर बसवलाय. माणसाला नुसत्या पांढऱ्या भिंतीपुढं उभं करतो अन् मागचं सगळं इंटरनेटवरून उतरवून चिटकवतो. आधी बर्फाचा डोंगर दाखवला. मी म्हणले, पातळ साडीवर पोर काकडून जाईल, काढ ते. मंग धबधबा. म्हणले, पोरगी पोहायला आलीय का? मंग बंगला उतरवायला घेतला. तो बी वरून खाली उतरतो, आधी कौलं, मंग खिडक्या, अन् दारापाशी आला की फोनची लाईन तुटते, पुन्हा कौलांपासून सुरू. (आमचं खरं घर बांधताना गवंड्यानं एवढा जीव खाल्ला न्हाई.) शेवटी पुरा उतरला. पायरीवर पांढरं कुत्रं, बाजूला लाल मोटार, अन् पोरगी मोटारीला टेकल्यासारखी. मला बराबर वाटलं, खोटं कशाला बोलू.

फोटो तुमच्या हातानं तिकडं गेला. मंग पोराची आई चांगुणाबाई, तिचा निरोप आला, तुमचा बंगला झकास हाय, रविवारी पाहायला येतो. मी वर पत्र्याकडं पाहत बसले. अन् परवा तुम्ही धाडलेला पोराचा फोटो आला. उघडून पाहते तर तीच कौलं, तेच कुत्रं, तीच मोटार! फक्त पोरगं दुसऱ्या अंगाला टेकलेलं. म्हणजे ही बाई स्वतःच्याच बंगल्याची तारीफ करून राह्यली, अन् वर तो पाहायला माझ्या घरी येणार!

तशीच तरातरा महेमूदकडं गेले. गडी हसतो वर! म्हणे, "मावशी, चांगली चित्रं इकत घ्यावी लागतात, पैसे भरेस्तोवर त्यांच्यावर कंपनीचं नाव आडवं छापलेलं असतं. फुकटात बिननावाचा हा एकच बंगला हाय. साऱ्या जिल्ह्यातले फोटोवाले तोच घेतात."

"अरे मेल्या, मंग आधी का न्हाई बोललास?"

"तुम्हीच जल्दी कर, जल्दी कर म्हणत व्हत्या."

आता त्यांना लबाड म्हणावं तर मी कोण? चांगुणाबाईला सारं ठाऊक, मला सारं ठाऊक, अन् रविवारी दोघी पोहे खात एकमेकींना विचारणार, मोटार दिसत न्हाई, कुठं गेली? असली नाटकं मला जमत न्हाईत. स्थळ मोडा. बिलकुल मोडा. वहिनीला गुडघ्याला एरंडाचं पान बांधायला सांगा.

तुमची बहीण,
झुंबर

ता. क. मोडताना एक बोलू नका. महेमूदनं पोरीला फोटोत जरा गोरं केलंय. मीच करायला लावलं.

आणखी ता. क. वरची ता. क. खोडून टाका. परत धाडायला पोराचा फोटो पाकिटात घालावा म्हणून पाहते तर जागेवर न्हाई. कावेरीच्या पेटीत निघाला, अन् एकटा न्हाई. काल फाट्यावर पिना आणायला म्हणून गेल्ती, तर महेमूदकडून दोन्ही फोटो एकात करून आणलेत. बंगला एकच, म्हणून चिटकवलेलं कळत बी न्हाई. मोटारीच्या या अंगाला पोरगा, त्या अंगाला आमची, मधी कुत्रं. अन् तिनं स्वतःचा रंग परत जसा हाय तसा सावळा करून घेतलाय. मी तो फोटो दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. जोडा बरा दिसतो, दादा.

म्हणून स्थळ मोडू नका. पोराला आईमागं एकट्याला गाठा अन् सांगा, घर पत्र्याचं हाय, मोटार न्हाई, पोरगी सावळी हाय. एवढं ऐकून येतो का इचारा. आईला इचारून सांगतो म्हणला, तर येऊच नको म्हणा. शुक्रवारच्या आत जीपवाल्याजवळ चिठ्ठी आली पाहिजे. शनिवारी घर सारवायला घ्यायचं का न्हाई, ते मला त्या चिठ्ठीवर ठरवायचं हाय.