न विचारलेलं वाक्य

१४ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. क्रेनच्या ग्रीसचा अंगठा त्यावर झकास उमटलाय; आई असती तर पाकिटासकट परत पाठवलं असतं.

आई शिकवायची त्या शाळेच्या नव्या वाचनालयाला तिचं नाव देणार हे तुला माहीत आहेच. पाटी रंगवून झाली. काल ती बघायला गेले, तर तिथे कोपऱ्यावरची पाववाली आजी उभी. म्हणाली, लावायची तर लावा, पण आधी माझं ऐक.

लढाईत परक्या सैन्याने गाव घेतलं, तेव्हा त्यांची कचेरी याच शाळेत होती आणि त्यांची दुभाषी आपली आई होती. आजी तेव्हा लहान. तिच्या थोरल्या भावाला ते शोधत होते, म्हणून तिला आणि तिच्या आईला चौकशीला आणलं. तिच्या आईने तिच्या कानाशी लागून सांगितलं, की दादा भट्टीच्या माळ्यावर आहे, सोडतील तेव्हा पळत जा आणि त्याला निघायला सांग. शिपायांना आपली भाषा कळत नव्हती. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. आपल्या आईने ते वाक्य ऐकलं आणि त्यांच्या भाषेत सांगून टाकलं. दादा पुन्हा दिसला नाही.

पाटीचा रंग ओला होता आणि मी तिच्यावर हात टेकून उभी होते, हे मला घरी आल्यावर कळलं. अजून कुणाजवळ बोलले नाही. लवकर लिही.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
बोक्याचा साष्टांग नमस्कार.

आजीचं वय झालंय. या वयात माणूस भलत्याला भलतं समजतो. आपल्या आईला झुरळ मारवत नसे, कागदावर घेऊन बाहेर सोडायची! आणि ती भाषा तिला येत होती, तर आपल्या कानावर कधी पडली नसती? आता ती उत्तर द्यायला नाही, म्हणून कुणीही उठावं आणि तिच्या तोंडाला काळं फासावं? झाकली मूठ झाकलेलीच ठेव. पाटी लागू दे.

चिडून लिहिलंय, मनावर घेऊ नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझा,
बोक्या

११ मार्च

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

तू झाकली मूठ म्हणतोस, म्हणजे मुठीत काहीतरी आहे असं तुलाही वाटतंय.

मावशीकडे जाऊन आले. ती मटार सोलत होती. मी दुभाषी एवढाच शब्द काढला, तर तिने दाणे सालींत टाकले. तुला कोणी सांगितलं, असं विचारलं. खोटं आहे असं म्हणाली नाही.

मला वाटलं होतं, आईला धाक घातला असेल. तसं काही नव्हतं. आई तेव्हा विशीतली, वर्गात कायम पहिली. कचेरीतला अधिकारी तिचं कौतुक करायचा, की ही पोरगी एकही शब्द गाळत नाही. आई घरी येऊन ते सगळ्यांना ऐकवायची. त्या दिवशीही तिने गाळला नाही. संध्याकाळी त्या पोराला रस्त्यातून नेताना पाहिलं, तेव्हा मात्र ती जेवली नाही. लढाई संपल्यावर ती भाषा तिने कधी उच्चारली नाही, असं मावशी म्हणते.

धाक असता तर मला रडता आलं असतं रे. ही तर शाबासकीची हौस निघाली. श्रुतलेखनात एक शब्द सुटला, तरी आई आपल्याला सगळं पुन्हा लिहायला लावायची. ते आठवत राहिलं.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

आई माझ्याकडे आली होती, तेव्हा मी तिला बंदराच्या धक्क्यावर नेलं होतं. त्या देशाचे दोन खलाशी आपसात काही बोलले आणि आई खुदकन हसली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, तो पक्षी बघ कसा घसरला. मी वेड्यासारखा पक्षी शोधत बसलो.

शाळेला नाही म्हणून सांग. कारणही सांग. मग मला तिथे मान खाली घालून फिरावं लागलं तरी चालेल. रजा मिळाली की निघतो.

तुझाच,
बोक्या

३० मार्च

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

हेडमास्तरांना सांगितलं. माणूस भला आहे. म्हणाले, घरच्यांना गाजावाजा नको असं कळवू, बाकीचं कशाला काढायचं? मोह झाला, खोटं का सांगू? पण शाळेच्या समितीपुढे सगळं बोलले. तेव्हापासून शिवणाचे कपडे टाकायला येणाऱ्या बायका माझ्याशी कापडाकडे बघून बोलतात.

मग पाववाल्या आजीच्या दुकानात गेले, रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली आणि पाठ केलेली माफी सोडून मी पावच मागितला. तिने एवढंच विचारलं, की तुझ्या आईने कधी माझ्या दादाचं नाव काढलं होतं का?

हो म्हटलं असतं, तर म्हातारीला बरं वाटलं असतं. मी सांगितलं, कधीच नाही. ती बरं म्हणाली आणि माझ्या मागच्या बाईला काय हवं ते विचारू लागली. मी जागची हलेना, तेव्हा त्या बाईने खांद्याला धरून मला बाजूला केलं.

रस्त्यावर आल्यावर ध्यानात आलं, की त्याचं नाव काय होतं ते मीसुद्धा विचारलं नाही. तू आलास की दोघं जाऊ आणि विचारू.

लोभ वाढव असं कुठल्या तोंडाने लिहू? आहे तेवढा राहू दे.

तुझी,
ताई