लाइट गेल्यानंतरची फाइल

४ ऑगस्ट, सोमवार

पुसली! टिकवायची डिस्कच पुसली मी.

टेस्टना दोन डिस्क लागतात. एक टिकवायची, दुसरी दर वेळी पुसून कोरी करायची. मी नावं उलटी लिहिली, एंटर दाबलं, आणि तीन दिवसांची मांडणी चार सेकंदांत गेली. पियुष सर हसले. "चलते ना यार. या कंपनीत प्रत्येकानं एकदा तरी पुसलीच आहे." कंपनीत आम्ही पाच जण, सरांना धरून.

आता दोन्ही डिस्कवर कागद चिकटवलेत — 'ठेव' आणि 'पूस'.

६ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा मांडलं. चालत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

घरी आले, आर्णीच्या बसनं. आईला माझं काम एकदाचं नीट सांगायचं ठरवलं. लोहाऱ्याच्या कंपनीत आम्ही टिफिनाएवढी पेटी बनवतो. ती आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रिजवर बसते आणि दर मिनिटाला आतलं तापमान फाइलमध्ये लिहिते. लस मधे कधी गरम झाली तर लाल दिवा, नाहीतर हिरवा. पेटीतल्या फाइली शाबूत राहतात का, ते तपासणाऱ्या टेस्ट मी मांडते. सरांनी कशालाही हात लावला की सगळ्या टेस्ट पहिल्यापासून! काल पास झालेलं आज नापास होऊ नये म्हणून.

आई म्हणाली, "म्हंजे रोज परीक्षा? एक डाव पास झाली का सोडून द्या ना बिचारीले!"

बाबांचा प्रश्न एकच. "पक्की कधी करतीन तुले?" सप्टेंबरअखेर माझे सहा महिने होतात. टेस्टचा रिपोर्ट झाला की मी पक्की, आणि दसऱ्यानंतर दोनशे पेट्या केंद्रांवर जाणार, असं सर म्हणालेत. घरातली पहिली पदवी माझी. बाबांनी मार्कशीट लॅमिनेट करून टीव्हीमागे उभी केली आहे. पाहुणा आला की टीव्ही बाजूला सरकवतात!

१३ ऑगस्ट, बुधवार

चालला, सगळा संच चालला! तीनशे अकरा टेस्ट, आठ तास. तीनशे पाच पास. उरलेल्या सहा लाइट जाण्याच्या आहेत — लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल वाचते का?

वीज आपोआप तोडणारा स्विच मागितला. सर म्हणाले, "अगं, लोहाऱ्यात फुकटात जाते की लाइट! स्विच कायले पाहिजे?" म्हणून आता असं — पेटी मागच्या खोलीत लिहीत बसते, लाइट गेली की मी इकडे वाट पाहते, आली की लॅपटॉपवरून पेटीतल्या फाइली तपासते.

दुपारी गेली. आल्यावर पाहिलं तर दिवसभराची फाइल रिकामी. शून्य! टेस्ट चालवणारी माझीच स्क्रिप्ट चुकली असणार. मान खाली घालून बसले होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

स्क्रिप्ट सुधारली. संध्याकाळी लाइट गेली, आली — सहाही पास.

२३ ऑगस्ट, शनिवार

एकतीस वेळा लाइट गेली, एकतीस वेळा पास. सर म्हणाले, "वा, मैत्रेयी! लागली ना लाइन." मला मात्र धाकधूक. आपलं काही इतकं सरळ होतं तेव्हा मी आधी घाबरते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

रिपोर्टात लिहायचं म्हणून पेटीला सहज विचारलं — शेवटची सुरू कधी झालीस? एका ओळीचा हुकूम असतो. उत्तर आलं: बावीस दिवस तीन तास सलग चालू.

सलग!

म्हणजे या बावीस दिवसांत पेटीची वीज एकदाही गेली नाही. मी अंधारात बसत होते. ती नव्हती.

६ सप्टेंबर, शनिवार

देवसिंग काकांना विचारलं. आमचे वायरमन. मागच्या खोलीची सगळी वायरिंग त्यांचीच.

"हाव, मीच लावली तिले इन्व्हर्टरच्या बोर्डावर. लाइट गेली का बंद पडे ना बाई ते. तुमी त्या दिशी तोंड पाडून बसल्या होत्या. मले बरं नाही वाटलं."

"मला सांगायचं तरी!"

"सांगाचं काय त्याच्यात? कामाची वस्तू इन्व्हर्टरवरच राह्यते."

खरंच आहे. आमच्याकडे कोणीही तेच केलं असतं. मीसुद्धा. त्यांच्यावर चिडताही येईना. त्यांनीच पेटी परत साध्या बोर्डावर लावली. वर म्हणाले, "पाहा बरं, आता बंद पडीन, मंग मले नोका म्हणू."

८ सप्टेंबर, सोमवार

लाइट तीनदा गेली. तीनदा फाइल रिकामी.

११ सप्टेंबर, गुरुवार

नऊपैकी सात वेळा रिकामी. ऑगस्टमधली माझी पहिली स्क्रिप्ट बरोबर होती. मी बरोबर असताना स्वतःला चूक ठरवलं. आणि तेच मला पटकन पटलं, याचं जास्त वाईट वाटतंय.

१५ सप्टेंबर, सोमवार

सापडलं. डिस्कवर फाइली सांभाळणारी फाइलसिस्टिम बिचारी निर्दोष आहे! चूक सरांच्या प्रोग्रामात आहे. दर मिनिटाला तो जुनी फाइल कोरी करतो आणि सगळी यादी नव्यानं लिहितो. लिहिलेलं डिस्कवर उतरलं का, ते बघतच नाही. थोडा वेळ ते नुसतं मेमरीत असतं. नेमकी तेव्हा लाइट गेली तर जुनी यादीही गेली, नवीही गेली. फ्रिज दुपारी तापला होता, लस कोमट झाली होती, ही नोंदच उरत नाही. आणि नोंद नाही म्हणजे बिघाड नाही, असं प्रोग्राम धरून चालतो — दिवा हिरवा!

दुरुस्ती चार ओळींची. नवी यादी बाजूला लिहायची, ती डिस्कवर उतरली की मगच जुनीच्या जागी ठेवायची. मी करून पाहिली. या वेळी लाइटची वाट न बघता हातानंच बारा वेळा प्लग उपटला. बाराही पास.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सरांना दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. मला वाटलं, झालं!

"बरोबर आहे तुझं. पण पेटीचा नमुना सरकारकडून मंजूर झाला आहे. आता प्रोग्राम हलवला तर मंजुरी पुन्हा, चार महिने. त्या सहा टेस्ट वगळ. पुढच्या खेपेला पाहू."

"सर, लहान लेकरांची लस आहे ती."

"तू जग सुधाराले आलीस का नोकरी कराले?" ओरडून नाही बोलले. हसत बोलले. मग माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

टेस्ट वगळायला फार काही लागत नाही. एक साधी फाइल असते. तिच्यात टेस्टचा नंबर लिहिला की संच त्या टेस्टवरून मुकाट पुढे जातो, आणि शेवटी सांगतो, सगळ्या पास. मांडणी करताना त्या फाइलला नाव मीच दिलं होतं — 'वगळलेल्या'. हा शब्द आमच्या घरात हलका नाही. आजोबांना गावच्या विहिरीवरून वगळलं होतं, तेव्हापासून नाही.

सहा नंबर लिहिले. मिनिटभराचं काम.

तीनशे पाचपैकी तीनशे पाच. शंभर टक्के. खाली सही केली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पक्की झाले. घरी फोन केला. बाबा फोन कानालाच ठेवून शेजारच्या नानाजींना ओरडून सांगत होते, "पोरगी पास झाली हो!"

मी फोन ठेवून दिला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

टेस्ट रोज चालतात. रोज शंभर टक्के. मी रोज बघते. बघण्यासारखं त्यात काही नसतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टीवर घरी. दिपाली वहिनीच्या बाळाला डोस द्यायचा होता, म्हणून तिच्यासोबत आरोग्य केंद्रात गेले. फ्रिजवर आमची पेटी! दिवा हिरवा. नर्स उज्ज्वलाताई म्हणाल्या, "नागपंचमीलेच बसवून गेले. लय बेस झालं बावा! तापमान लिहाची वहीच बंद केली आमी." नागपंचमीला, जुलैमध्येच! सर तर दसऱ्यानंतर म्हणाले होते. तेव्हा मी एकही टेस्ट चालवली नव्हती.

लस तापली की रंग बदलणारं बाटलीवरचं चिन्ह त्यांनी पाहिलं, ठीक होतं, बाळाला डोस दिला. मग मी म्हटलं, ताई, ती वही आजच परत सुरू करा. का, ते सांगितलं. सगळं. त्यांनी कपाटातून वही काढली, धूळ झटकली, पेन उघडलं. "कोणी सांगतलं म्हून लिहू?"

मैत्रेयी उकंडा भगत, लिहा. पेटी तपासणारी.