दहांचं औषध विसांना

३ मार्च
आधी खुशाली. बायकोचा, यामनाचा, गुडघा कुरकुरतोय, म्हणजे बरा आहे. कुरकुरायचा थांबला तर घाबरायचं. गाढव ठणठणीत, आळसासकट. माझे डोळे चालले, जीभ शाबूत. खजुरांचं मात्र विचारू नये. पाटाकाठची चार झाडं गेली. बयूद रोग! आधी एक झावळी पांढरी, मग दुसरी, मग कुऱ्हाड आणि आग. मातीतली बुरशी मुळातून वर चढते. आणि त्याच मातीत मी आता खजुराची नवी वीस पिल्लं, बुंध्याजवळचे फुटवे, लावणार. मी आणि शहाणपण — कधी एका घरात नांदलोय?

४ मार्च
मराकेशच्या प्रयोगशाळेतून तूदा आली. पोर आमच्याच खोऱ्यातली, पण आता बाटल्यांशी बोलते. बाटलीत जिवाणू! "बा लहसन, हे मुळांवर घर करतात. बुरशीला थारा देत नाहीत, वर झाडाची वाढही करतात."
वा! भाडेकरू राखणही करणार आणि घरमालकाला जेवूही घालणार. असा भाडेकरू आमच्या झगोऱ्यात कुणी पाहिलाय?
शेजारच्या मोहाने फुकटची बाटलीसुद्धा नाकारली. "जंतू मारायला जंतू? चोराच्या हाती किल्ल्या!" त्यानेही आजच पाटापलीकडे पिल्लं लावली, माझ्याच झाडांची. पंधरा.

५ मार्च
तूदाने दहा पिल्लांना लाल फीत बांधली, दहांना पांढरी. लाल फीतवाल्यांना महिन्याला एक बाटली, पांढऱ्यांना नुसतं पाणी.
"का गं, यांनी काय पाप केलं?"
"पाप नाही, बा. फरक दिसायला हवा."
फरक! चाळीस वर्षं मी या पाटाची पाळी वाटली. बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती बुडाली की पाणी पुढच्याचं. सख्ख्या भावाला थेंब जास्त दिला नाही. आणि आता म्हातारपणी दहांना औषध, दहांना ठेंगा!

६ मार्च
ठेंगा दिला नाही. औषध पाण्यात कालवलं, वाटीचं भोक बोटाने दाबून मोजलं, विसांना सारखं. तूदाच्या कागदावर खुणा मात्र लाल फितीपुढेच केल्या. लेकीचं मन का मोडा?

१९ जुलै
मोहाची तीन गेली. म्हणतो, ऊन लागलं. मी म्हटलं, "खरंय रे. उन्हाला पोहता येत नाही, म्हणून पाट ओलांडून माझ्याकडे येत नाही!" यामना हसली. मोहा नाही.

२ नोव्हेंबर
मोहाची आणखी नऊ गेली. माझी वीसच्या वीस — हिरवीगार आणि उद्धट. भाडेकरू चांगले निघाले म्हणायचे. मोहाला टोमणा मारायला गेलो होतो; त्याचे खड्डे पाहिले आणि खजूर देऊन परत आलो.

१४ फेब्रुवारी
तूदा आली. वाटलं, आता गळ्यात पडेल. तिने पट्टी लावून पिल्लं मोजली. लाल, पांढरी, पुन्हा लाल. चेहरा उतरत गेला.
"बा, दोन्हींत काहीच फरक नाही. म्हणजे जिवाणूंनी काही केलंच नाही!"
तिचे साहेब फोनवर एवढे ओरडले की यामनाला चुलीपाशी ऐकू आलं. महिनाअखेर प्रयोग बंद, बाटल्या ओतून टाका. पोरीची तीन वर्षं! खोऱ्यातल्या उरलेल्या झाडांची शेवटची आशा! चहा तसाच निवला.
आणि मी काय केलं? विचारलं, साखर हवी का. शूर माणूस!

१५ फेब्रुवारी
यामना म्हणाली, "अहो न्यायाधीश, तुमच्या न्यायाने पोर बुडाली की!"
"मी माया केली गं."
"केलीत ना? आता खरंही बोला."
गुडघा दुखतो म्हणून ही गप्प बसेल, ही माझीच भाबडी समजूत.

१६ फेब्रुवारी
मोहाकडे गेलो, सगळं सांगितलं. "म्हणजे माझी मेलेली मोजून तुझ्या पोरीला शाबासकी?" मला खड्ड्यांपाशी घेऊन गेला. मग म्हणाला, "मोजू दे तिला. उभी होती तेव्हा तरी कोण बघायला आलं होतं!"

१७ फेब्रुवारी
फोन केला असता, तर जीभ पुन्हा साखरेवर घसरली असती. म्हणून चिठ्ठी टाकली. नक्कल इथे:
"तूदा, पांढरी फीत खोटी. कागदावरच्या खुणा खोट्या. तुझा बा त्याहून खोटा. औषध विसांनीही प्यायलं. ज्यांना थेंब मिळाला नाही ती पाटापलीकडे आहेत. पंधरातले बारा खड्डे मोहा मोजू देतोय. साहेबांना घेऊन ये. शिव्या सावकाश दे, उत्तर लवकर दे. तोवर एकही बाटली ओतू नकोस."