गाळलेल्या जागा

सोमवार, ४ मार्च
मिळाली बाई एकदाची मनासारखी नोकरी! स्वतःचं टेबल, फिरती खुर्ची, खिडकीबाहेर झाड. काम ऐकून आमचे हे म्हणाले, म्हणजे शाळेतल्या गाळलेल्या जागा भरा! अगदी तसंच. जनुकाचा अर्धामुर्धा तुकडा द्यायचा, उरलेला भाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि त्यातून कोणतं प्रथिन बनेल ते सांगतं. प्रयोगशाळा आज नुसती बाहेरून पाहिली, तिला एकामागोमाग दोन दारं आहेत. काचेवर बोट ठेवलं की आत कुणालाही घेतात. बाहेर सोडताना मात्र आतलं दार कातडीतली जनुकं वाचून ओळख पटवतं, इथलं काही चोरीला जाऊ नये म्हणून. चिऊला, माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, ही जादूच वाटली.

मंगळवार, ५ मार्च
इथली एक रीत आहे. नवं माणूस आलं की त्याची थुंकी तपासायची, निम्मी माहिती मुद्दाम पुसायची आणि सॉफ्टवेअरला ती ओळखायला लावायची. माझ्या वेळी ते सपशेल आपटलं, भलतीच प्रथिनं सांगितली. सगळे पोट धरून हसले. साहेबांनी थट्टेत तोच अंदाज दाराच्या नोंदीत माझ्या नावावर टाकला. मीही हसले.

बुधवार, ६ मार्च
आता हसू येत नाही. काल संध्याकाळी दार उघडलंच नाही. पडद्यावर लिहून आलं, अनोळखी व्यक्ती. रात्र खुर्चीत काढली. खरी माहिती कायमची पुसली गेलीय म्हणे. पुन्हा थुंकी तपासा म्हटलं, तर आधी तुम्ही तीच आहात हे पटवा म्हणतात. साहेब काचेपलीकडून म्हणाले, सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही. अहो, पण काल तुम्हीच हसत होतात की!

गुरुवार, ७ मार्च
बाकीचे कामाला दुसऱ्या इमारतीत गेले. जेवण भिंतीतल्या झडपेतून येतं. वॉचमनकाका परवापर्यंत मला पोरी म्हणायचे, आज मॅडम म्हणाले. चेहरा तिचाच दिसतो, पण पडदा नाही म्हणतो, मी काय करणार, म्हणाले. खूप रडले.

शुक्रवार, ८ मार्च
ह्यांचा फोन आला. लग्नाची तारीख विचारली, सांगितली. हनुवटीवरची खूण विचारली, तीही सांगितली. तरी म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, आम्ही तिला शोधतोय.
तुम्ही. मला. स्वतःच्या बायकोला!

शनिवार
साहेबांनी नवीन युक्ती काढलीय. लेकीत आईची निम्मी जनुकं असतात. चिऊला आत आणायचं, माझ्याशेजारी बसवून तपासायचं, पुसलेला भाग तिच्यावरून भरायचा. चिऊचे बाबा कबूलही झाले. मी ओरडून सांगितलं, तिची इथे कसलीच नोंद नाही, दार तिला सोडणार नाही. साहेब म्हणाले, तिचाही अंदाज करता येईल की.
साहेबांनी माझा फोनच बंद करून टाकलाय.

रविवार
आली. दोन्ही काचांपलीकडे, निळा फ्रॉक. ह्यांनी माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. तिने नाही. तिने लगेच ओळखलं, हात हलवला, आई म्हणाली — ओठांवरून कळलं —
मी हातांनी नको नको करतेय. तिला वाटतंय मी बोलावतेय —
पहिलं दार उघडलं. ती एकटीच आत. मागचं मिटलं.
हसतेय. दुसऱ्या काचेपाशी —
नको गं राणी, मागे हो, बोट उचल, बोट —