दर तीन महिन्यांनी

बाबा, माझी गाठ परत आली. तुमची होती तिथेच, गुदाशयात. आपल्या घराण्यातून एवढी एकच गोष्ट भांडण न होता माझ्या नावावर झाली.

गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी तुमच्यासारखीच माझीही फक्त गाठ काढली, आतडं राखलं. लहान ऑपरेशनमध्ये परत उगवण्याची भीती जास्त, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं तुम्हाला सांगितलं होतं तसंच मलाही सांगितलं. तुम्ही एकदाच गेलात. का, ते मला ठाऊक आहे. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. आई भात वाढते आहे, तुम्ही त्या पहिल्या तपासणीहून येऊन पाटावर अवघडून बसला आहात. आणि मी, जिभेला नुकतीच धार आलेली, म्हणतो, "जिंदगीभर फॅक्टरीचा माल उलटापालटा करून पाहिला, आता पोट्टे डॉक्टर तुमाले उलटं करून पाहून राहिले! पास का रिजेक्ट, बाबा?" सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात. "मोठा शाना झाला बे तू," म्हणालात, आणि अर्धा भात टाकून उठलात. पुढच्या तारखेला आईनं आठवण केली तर, "मले काय झालं? बरा आहो मी. कायले जाऊ?" फॅक्टरीत एकही खोका न उघडता पुढे जाऊ न देणारा माणूस, स्वतःला न बघताच पास करून मोकळा झाला. दुसऱ्या वर्षी रक्त लपवता येईना, तोवर कापायची वेळ निघून गेली होती.

मी एकही तारीख चुकवली नाही. म्हणून माझी लवकर सापडली. आता मोठं ऑपरेशन, मग शौचासाठी पोटावर कायमची पिशवी. डॉक्टर म्हणतात, आशा चांगली आहे. पिशवीवर मला तिथल्या तिथे चार विनोद सुचले. ऐकायला सोबत कोणी नव्हतं, तेव्हा कळलं की त्यातला एकही बरा नाही.

शहापूरच्या ताईला काल फोन केला, सांगायलाच.

"तुया आवाज काहून बसला रे?"

"भाषण देऊन राहिलो होतो, भिंतीले."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मला पुढे बोलवेना. म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहतो आहे. तुम्ही मध्येच रडायला लागणार नाही.

सोमवारी भरती व्हायचं आहे. फॉर्मवर सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचं नाव मागितलं, मी ताईचं लिहून आलो. तिला अजून माहीत नाही.