ओहोटीला अकरा मैल

आमदार निवास, नागपूर
शनिवार, डिसेंबर १९६७

प्रिय नवसी,

आधी एक अट. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाही. तू चौथीपर्यंत माझ्याच पाटीवरची गणितं उतरवत बसायचीस, म्हणजे तुला वाचता येतं, आणि नाही म्हणालीस तर मी मास्तरीण होते हे विसरू नकोस. बोंबील वाळत घातल्यावर निवांत बस, बोट ठेवून हळूहळू वाच. आणि आता ऐक. आपला प्रश्न लागला! खाडीवरच्या पुलाचा! सोमवारी अधिवेशन सुरू होतंय, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात गुरुवारी प्रश्नोत्तराच्या तासाला तुझी वत्सू उभी राहून बोलणार आहे. काल संध्याकाळी छापील यादी हातात आली, तेव्हा मी खोलीचं दार लावून अक्षरशः उड्या मारल्या. एका अडतीस वर्षांच्या आमदारबाईनं असं करावं का, ते तूच ठरव.

तुमच्याकडे परवा-तेरवा माझं पत्रक पोचेल. 'मतदार बंधुभगिनींनो' असं मथळ्यात आहे आणि खाली माझा फोटो, ज्यात मला कुणीतरी दटावल्यासारखं दिसतंय. नवीन अधिवेशनात मी काय काय करणार, ते सगळं त्यात ओळीनं दिलंय. रेशनच्या दुकानाचं, डोंगरपाड्यांच्या विहिरींचं, बोईसरच्या रस्त्यावर अणुवीज केंद्राच्या कामाचे ट्रक धावतात त्यानं पडलेल्या खड्ड्यांचं. खाडीबद्दल एकच ओळ आहे, 'खाडीवरील पुलाचा प्रश्न सभागृहात मांडण्यात येईल.' छापताना मलाच कसंसं झालं. पण पत्रकात याहून जास्त लिहिता येत नाही. उरलेलं सगळं तुला लिहितेय.

तुझा जवळा सुखरूप पोचला, पण त्यानं माझी अब्रू घेतली. बोईसर स्टेशनावर ट्रंक उचलणाऱ्या माणसानं नाक मुरडून विचारलं, "बहनजी, इसमें मछली है क्या?" मी म्हटलं, कागद आहेत. तो ट्रंक अंगापासून दूर धरून चालला. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी मी स्टोव्हवर थोडा जवळा परतला, तर मजल्यावरचे चार आमदार दार वाजवून गेले, काही जळतंय का म्हणून. त्यातल्या एकाला मी वाटीभर दिला. आता तो रोज सकाळी माझी चौकशी करतो. या गावात संत्री म्हणशील तितकी, थंडी अशी की दात वाजतात, पण मासळी म्हणजे नदीतली, चिखलाच्या वासाची. दोन दिवसांत मला आपल्या घिवलीच्या वाऱ्याची आठवण यायला लागली, ज्याला आपण जन्मभर शिव्या दिल्या.

तर प्रश्नाची गंमत सांगते. मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात मी तोंडच उघडलं नव्हतं, तुला माहीत आहे. सगळे इतकं झरझर बोलायचे की आपलं वाक्य कुठं घुसवावं तेच कळेना. या वेळी ठरवलं, लेखी प्रश्न द्यायचा. सुवाच्य अक्षरात लिहिला, की आमच्या गावापासून सरकारी दवाखाना भरतीला अर्धा मैल आणि ओहोटीला अकरा मैल आहे, तरी खाडीवर पूल कधी होणार? तिसऱ्या दिवशी कागद परत! शेरा असा, की एकाच ठिकाणाची दोन अंतरं दिली आहेत, चूक दुरुस्त करून पाठवावे. मला आधी राग आला, मग हसू आलं. आपल्या गावात शेंबडं पोरही सांगेल की पाणी असलं की होडीनं अर्धा मैल आणि पाणी ओसरलं की कमरेइतका गाळ, त्यात ना होडी चालते ना पाय, म्हणजे खाडीचं टोक गाठून वळसा घालून अकरा मैल. पण हे लिहायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आपल्याला ते इतकं माहीत की आपण सांगतच नाही.

कागद घेऊन मी तडक कचेरीत गेले. टेबलाशी सोनकुसरे म्हणून एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, गळ्यात मफलर. चांगला माणूस. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मी सांगत गेले आणि त्यांचे डोळे मोठे होत गेले. "म्हणजे बाई, पाणी रोज येते अन् रोज जाते? काहून?" काहून ते मला तरी कुठं ठाऊक! मी म्हटलं, चंद्रामुळे. मग त्यांना तिथीचा हिशेब सांगितला, तुझ्या सासूनं आपल्याला शिकवलेला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून स्वतः दोनदा गुणाकार केला आणि शेजारच्या टेबलावरच्याला ओरडून सांगितलं, "अरे, आता या बाईंच्या गावात पाणी भरलं असन!" मग चहाच्या बशीत पाणी ओतून आणि सांडून मी त्यांना खाडी दाखवली. काडेपेटीची होडी केली. बशी रिकामी झाली तशी काडेपेटी चिकटून बसली, तेव्हा त्यांनी ती बोटानं ढकलून पाहिली.

आणि नवसी, त्यांनी माझा एक शब्द बदलला नाही. वरच्या साहेबांकडे स्वतः गेले, वाद घातला, आणि दोन्ही अंतरं तशीच छापून आणली! आता म्हणे किलोमीटर लिहायचे असतात, ते त्यांनी कंसात टाकलेत. बाकी माझंच वाक्य, माझंच नाव, क्रमांक तिसरा. 'भरतीस अर्धा मैल, ओहोटीस अकरा मैल.' सरकारच्या कागदावर आपली खाडी पहिल्यांदा खरी लिहिली गेली. मी ती ओळ इतक्यांदा वाचली की यादीचा कोपरा मऊ पडला. आल्यावर तुला तीच प्रत देणार आहे, तुझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला.

गुरुवारचं सगळं मी मनात पाठ करून ठेवलंय. अध्यक्ष क्रमांक पुकारतील. मंत्री उत्तर देतील. मग मला उभं राहून आणखी एक प्रश्न विचारता येतो, आणि खरा खेळ तिथंच असतो. मंत्री काय उत्तर देणार, तेही मला आजच माहीत आहे. उन्हाळ्यात बांधकाम खात्याच्या एका साहेबाला भेटायला गेले होते, तेव्हा त्यानं फाईल माझ्यापुढे सरकवली होती. म्हणाला, बाई, या खाडीबद्दल आजवर गावाची एकही तक्रार नाही. कुणाची गैरसोय होत असती तर एक अर्ज तरी आला असता ना? आता मंत्र्यांच्या हातात तोच कागद येणार. 'अशी तक्रार शासनाकडे प्राप्त झालेली नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.' सोनकुसरेही म्हणाले, असंच येते.

आणि ते खोटं नाही. मी बारा वर्षं शाळेत होते, गावाचे सगळे अर्ज माझ्याच हातचे. रस्त्यावरच्या कंदिलासाठी लिहिला, पोस्टाच्या पेटीसाठी लिहिला, मास्तरांची बदली थांबवण्यासाठी लिहिला. खाडीवर एक नाही. कुणी लिहायला सांगितलाच नाही आणि मलाही सुचला नाही. आपल्याकडे नवरी भरतीसाठी थांबते, भटजी थांबतो, मेलेला माणूससुद्धा थांबतो. साखरबाई काय म्हणायच्या, आठवतं? "पानी येल तवा जाव. दर्यावर कोन तक्रार करतं काय?" तुझ्या सासूचं हे बोलणं मला तेव्हा फार मोठं वाटायचं. आता त्या साहेबाची रिकामी फाईल आठवली की तेच बोलणं छातीत रुततं.

म्हणून गुरुवारी मला एक उदाहरण द्यावं लागणार आहे. तक्रार नाही म्हणता, तर हे ऐका, असं म्हणायला. आणि माझ्याकडे एकच आहे. तू कदाचित मगाशीच ओळखलं असशील.

नऊ वर्षं झाली. आपण दोघी त्याबद्दल एकदाही बोललो नाही. तृतीया होती. सकाळी सातला तुला कळा सुरू झाल्या तेव्हा खाडी पार रिकामी होती. तुझा कमलाकांत बैलगाडी जुंपायला निघाला होता. तेव्हा मीच मधे पडले. गावात मनगटावर घड्याळ असलेली मी एकटी, शिकलेली मी एकटी. मी तिथीची पाऊणपट केली आणि म्हणाले, सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणजे बाराला होडी तरंगेल. गाडीत अकरा मैल तिचे हाल होतील, थांबू या. माझा हिशेब चुकला नव्हता, नवसी. बाराला होडी तरंगली. पण गाडीनं गेलो असतो तर अकरालाच दवाखान्यात असतो. तुझी मुलगी होडीत जन्मली, अर्ध्या खाडीत, आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिचा श्वास थांबला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवी होती. तू मला कधी बोल लावला नाहीस. "पानी नव्हतं," एवढंच तू सगळ्यांना सांगत राहिलीस, माझ्यासमोरसुद्धा. त्या तुझ्या चांगुलपणानं मला नऊ वर्षं झोपू दिलेलं नाही. मी निवडणुकीला उभी राहिले ती काही समाजसेवेच्या हौसेनं नाही. मला तो पूल हवा होता. 'थांबू या' मी म्हणाले होते, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

आता हे पत्र का लिहिलं, ते सांगते. सभागृहात बोललेलं सगळं लिहून ठेवतात, शब्दन् शब्द, आणि ते कायम राहतं. मी तुझ्या मुलीबद्दल बोलले तर तिथं लिहिलं जाईल, 'एक नवजात बालिका'. माझ्यानं तसं म्हणवणार नाही. आज ती नऊ वर्षांची असती, माझ्या शाळेत चौथीत असती, हजेरीला तिनं हात वर केला असता. तिचं बारसं झालं नाही, आत्यानं कानात नाव सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी तुझ्यावर पदर धरून बसले होते. ती श्वास घेत होती तेवढ्यात तू तिला तोंडाशी नेलंस आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलंस. तुझे ओठ हलले, ते मी पाहिलं. काय सांगितलंस ते मी कधी विचारलं नाही. तुझ्या परवानगीशिवाय मी सभागृहात यातलं अवाक्षर काढणार नाही. तुला नको असेल तर काहीच करू नकोस, पत्र चुलीत घाल, मी दोन अंतरं सांगून खाली बसेन आणि तुझ्यावर मुळीच रुसणार नाही. पण तुझी हरकत नसेल, तर बुधवारच्या आत पालघरला मासळी घेऊन जाशील तेव्हा तार ऑफिसात जा आणि मला तार कर. त्यात खुशाली नको, बाकी काही नको. तेव्हा तिच्या कानात सांगितलंस तेवढं एक नाव पाठव.

तारवाल्याची वाट बघत दारात उभी असलेली,
तुझीच
वत्सू